श्याम, हमीद आणि आपली मुले

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा आपल्याकडे गेली साडेतीन दशके चालू आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून कविता, कथा, आत्मकथन, वैचारिक लेखन या प्रांतांत आपल्या लेखकांनी काय केले आणि काय करायचे राहिले, याचा हिशेब वेळोवेळी मांडला गेला. या हिशेबात एक रकाना मात्र बहुतेक वेळा कोराच राहतो. तो म्हणजे बालकुमार साहित्याचा. आपल्या घरातले दहा-बारा वर्षांचे मूल मराठी शाळेत जाते, मराठीत पाढे म्हणते, मराठीत भांडते आणि मराठीतच मित्र जोडते. त्याच्या हाती आपण कोणते मराठी पुस्तक देतो? त्या पुस्तकात त्याला स्वतःची ओळख पटते का? हा प्रश्न आम्हाला साने गुरुजींच्या कथात्म लेखनाच्या निमित्ताने उपस्थित करायचा आहे.

साने गुरुजीच का? कारण मराठीत मुलांच्या रोजच्या जगण्यातील झगड्याला त्यांनी जेवढे महत्त्व दिले तेवढे त्यांच्या आधी क्वचितच कोणी दिले असेल. ‘धडपडणारी मुले’, ‘धडपडणारा श्याम’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहावीत. पराक्रम करणारा राजपुत्र किंवा बोधकथेतला शहाणा मुलगा त्यांनी नायक केला नाही. त्यांचा नायक आहे तो फी, वही, सदरा, जेवण आणि अब्रू यांच्यासाठी धडपडणारा पोर.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातील पालगडचा. कर्मभूमी म्हणून आपण अमळनेरचे नाव घेतो. परंतु या धडपडीचा मोठा भाग पुण्यात झाला, हे विसरता येत नाही. नूतन मराठी विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले आणि न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयात, पदवीपर्यंतचे व पुढचे शिक्षण झाले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने ते घरोघरी पोचवले. ही संस्था १९०९ पासून गरीब व निराधार विद्यार्थ्यांसाठी काम करीत होती. गरीब विद्यार्थ्याची गोष्ट गरीब विद्यार्थ्यांच्या घरातून छापली जावी, यात एक औचित्य आहे. आज तिचे नाव पुणे विद्यार्थी गृह असे आहे. गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिकही पुढे पुण्याच्या शनिवार पेठेत स्थिरावले. तेव्हा श्याम कोकणचा खरा, पण त्याला वाढवले ते पुणे शहराने असे म्हटले तरी चालेल.

‘श्यामची आई’बद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणजे पुस्तक पवित्र आहे, वाचून डोळे भरून येतात. दुसरे म्हणजे ते अतिभावुक आहे, ब्राह्मणी संस्कारांचे आहे, आजच्या मुलांच्या उपयोगाचे नाही. आमच्या मते या दोन्ही बोलण्यांत पुस्तकातील मुख्य गोष्ट निसटते. ती गोष्ट म्हणजे पैशाचा, लाजेचा आणि कष्टाचा बारीक तपशील.

हे तपशील आठवून पाहावेत. वडिलांच्या पानात अळणी भाजी पडते. ते न बोलता खातात आणि आईला नंतर उलगडते. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात पायी घरी येतो. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे आई स्वतःसाठी ठेवीत नाही, नवऱ्याला धोतर आणते. पुस्तकाच्या मोहाने श्याम पैसे चोरतो आणि पकडला जातो. पाण्याची भीती वाटते म्हणून लपून बसतो, तेव्हा हीच प्रेमळ आई त्याला मारून पोहायला पाठवते. कर्ज वाढत जाते, सावकाराचा माणूस दारात येऊन नाही नाही ते बोलतो, घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते. अंगात ताप असताना आई दुसऱ्याच्या घरी कामाला जाते. एवढे सगळे एका मुलाच्या नजरेतून येते. त्या मुलाला अर्थशास्त्र कळत नाही. पण वडिलांचा चेहरा का उतरला, हे मात्र त्याला बरोबर कळते.

आता पुण्यातील आपल्या मोहल्ल्यांकडे पाहू. मोमीनपुरा, गंज पेठ, भवानी पेठ, कॅम्पाच्या मागच्या गल्ल्या, अलीकडे वाढलेला कोंढवा. यांतील कितीतरी घरांत हेच तपशील वेगळ्या नावांनी रोज घडत असतात. दुकानदाराची उधारीची वही, बचत गटाचा हप्ता, फी भरली नाही म्हणून वर्गात पुकारले गेलेले नाव, अब्बांची रिक्षा बंद पडलेला आठवडा, अम्मीने शिवणयंत्रावर बसून काढलेली रात्र. श्यामच्या घरातील सोवळे, व्रत, नैवेद्य आपल्या मुलाला परके वाटतील. त्यांचा अर्थ कोणाला तरी विचारावा लागेल. परंतु उधारी मागायला मुलाला पाठवल्यावर त्याच्या मनाचे काय होते, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हे पुस्तक आपल्या घरात शिरते ते या दाराने.

आणखी एक दार आहे. आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे वचन आपल्या घराघरांत मुलांना सांगितले जाते. त्यामुळे आईला देवतुल्य मानणारे पुस्तक आपल्या वाचकाला सहज पटते. पण याच ठिकाणी समीक्षकाने थोडे थांबले पाहिजे. आईचा महिमा गाताना तिच्या कष्टांवर पांघरूण पडते, ही गोष्ट त्यांच्या घरात जितकी खरी तितकीच आपल्याही. गुरुजींच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, त्यांचे निरूपण आईला मखरात बसवते, पण त्यांचे तपशील तिला मखरातून खाली उतरवतात. तिचे तापाने फणफणलेले अंग, तिचे जुनेर, तिला आलेला संताप हे सगळे त्यांनी लपवले नाही. वाचकाने निरूपणापेक्षा तपशिलावर विश्वास ठेवावा, असे आम्हाला वाटते.

गुरुजींच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा दारिद्र्याच्या जातीची. श्यामचे घराणे खोताचे. वैभव गेले, मानमरातब उरला आणि तोही जाऊ लागला, ही त्याच्या घराची व्यथा आहे. म्हणून ‘अब्रू’ हा शब्द तेथे एवढा जड होतो. हे पडझडीचे दारिद्र्य झाले. आपल्याकडील बागवान, पिंजारी, मोमीन, शिकलगार, अत्तार यांच्या मुलांचे दारिद्र्य बहुतेक वेळा पिढीजात असते. तेथे गेलेल्या वैभवाची आठवण नसते. ‘आपण कोण होतो’ यापेक्षा ‘आपल्याला कोण होऊ देतील’ हा प्रश्न त्या मुलासमोर असतो. श्यामला शिकायचे आहे, पैसा नाही. पण शिकणे हा आपला हक्क आहे याबद्दल त्याच्या घरात शंका नाही. ती शंका ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाची गोष्ट वेगळीच होईल.

दुसरी मर्यादा करुणेची. मोळीच्या ओझ्याने वाकलेल्या म्हाताऱ्या महार बाईला श्यामची आई मदत करायला लावते. त्या काळातील कोकणातील ब्राह्मण घरात हे धैर्यच होते. पण नंतर श्यामला आंघोळ करायची असते. मदतीचा हात पुढे होतो, मात्र शिवाशिवीची चौकट जागच्या जागी राहते. गुरुजींनी हे जसे होते तसे लिहिले, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. पुढे पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले, तेव्हा ती चौकट त्यांनी स्वतःपुरती मोडली होती. तरी पुस्तकात ती म्हातारी ओझ्यापुरती येते आणि जाते. तिच्या घरी श्यामच्या वयाचा नातू असेल तर त्याची धडपड काय, हे आपल्याला कळत नाही.

तिसरी मर्यादा आपल्याशी थेट संबंधित आहे. गुरुजींना इस्लामविषयी मनापासून आदर होता. ‘इस्लामी संस्कृती’ हे त्यांचे लेखन त्याची साक्ष आहे. प्रेषितांचे जीवन आणि अरबांचा इतिहास त्यांनी मराठी वाचकाला ज्या आस्थेने सांगितला, त्याचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. परंतु आदर आणि शेजार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्या धर्माची थोरवी समजावून सांगणे हे ज्ञानाचे काम झाले. त्या धर्माच्या घरातील एका मुलाचा फाटलेला सदरा दाखवणे हे कथेचे काम. पहिले काम गुरुजींनी केले. दुसरे काम त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात झालेले नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानांची वस्ती असूनही श्यामच्या बरोबरीने धडपडणारा मुसलमान मुलगा त्या पुस्तकाच्या केंद्राजवळ आलेला नाही.

हे त्या काळी शक्य नव्हते असे म्हणावे, तर त्याच १९३३ सालातील दुसरे उदाहरण समोर येते. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा त्याच वर्षीची. चार-पाच वर्षांचा हमीद, आईवडील वारलेले, घरात फक्त दादी अमीना. ईदच्या जत्रेत त्याच्या खिशात तीन पैसे आहेत. मित्र खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद लोखंडी चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना दादीची बोटे तव्याला पोळतात. चिमटा पाहून दादी आधी रागावते, मग तिला रडू फुटते.

एका वर्षात, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन लेखकांनी लिहिलेली ही दोन मुले शेजारी ठेवून पाहावीत. एकाने खाऊचे पैसे वाचवून भावाला कोट आणला, दुसऱ्याने आजीला चिमटा. दोघांच्याही खिशात मोजके पैसे आहेत, दोघांनाही मोह आहे आणि दोघेही वयापेक्षा लवकर मोठे झाले आहेत. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, प्रेमचंदांनी हमीदच्या निमित्ताने इस्लामची थोरवी सांगितली नाही, किंवा हिंदू-मुस्लिम ऐक्याचे व्याख्यानही दिले नाही. ईद आहे, नमाज आहे, पण कथा आहे ती चिमट्याची. हमीद मुसलमान आहे, हे गोष्टीला घरासारखे आहे. विषय त्या घरात राहणाऱ्या मुलाचा आहे. असा शेजार मराठी बालसाहित्यात आपल्याला फार कमी मिळाला.

येथपर्यंत इतरांचा हिशेब झाला. आता आपलाही मांडला पाहिजे, कारण हमीदची गोष्ट मराठीत इतरांनीच लिहावी अशी वाट पाहत बसणे योग्य नव्हे. मुस्लिम मराठी कथेत मूल अगदीच नाही असे नाही. पण ते बहुधा दोन साच्यांत सापडते. एक साचा राष्ट्रीय एकात्मतेचा. त्यातील मुलगा गणपतीच्या मंडपात काम करतो, वारकऱ्यांना पाणी देतो, अपघातात रक्त देतो आणि सर्वांची मने जिंकतो. त्याला कधी गणित येत नाही, कधी तो खोटे बोलत नाही, कधी मित्राचा हेवा करीत नाही. दुसरा साचा समस्येचा. त्यात तलाक, दंगल, फतवा या मोठ्या घटना घडतात आणि मूल कोपऱ्यात उभे राहून भेदरलेल्या डोळ्यांनी पाहत असते. पहिल्या साच्यात मूल दाखला होते, दुसऱ्यात बळी. दोन्ही ठिकाणी ते मूल राहत नाही.

या दोन्ही साच्यांमागची कारणे आम्हाला समजतात. ज्या समाजाला वारंवार स्वतःची बाजू मांडावी लागते, त्याचा लेखक मुलालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. परंतु यात नुकसान होते ते वाचणाऱ्या मुलाचे. त्याला वाटू लागते की, आपण पुस्तकात यायचे तर एक तर फार चांगले असले पाहिजे, नाही तर आपल्यावर काहीतरी फार वाईट ओढवले पाहिजे. साधेपणी पुस्तकात येण्याचा त्याचा हक्क आपणच नाकारतो. श्यामला चोरी करता येते, भिता येते, आईवर रुसता येते. आपल्या अस्लमला आणि शबानाला तेवढीही मोकळीक नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेली नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली, असे त्यात नोंदले आहे. हा आकडा आपण भाषणांत अनेकदा वापरला. पण आकड्याला चेहरा नसतो. त्यातील एखादा मुलगा नेमका कोणत्या सकाळी शाळेत गेला नाही? त्या दिवशी दप्तराचे काय झाले? गॅरेजवर त्याला पहिल्यांदा पाना हातात दिला तेव्हा त्याला वाईट वाटले की मोठे झाल्याचा आनंद झाला? दोन्ही वाटले असेल, तर ते कसे सांगायचे? ही कामे अहवालाची नाहीत. गुरुजींनी अळणी भाजीसाठी एक अख्खे प्रकरण खर्च केले. आपल्यापैकी कोणी गॅरेजवरच्या पहिल्या दिवसासाठी तेवढे करणार आहे का?

पुण्यासारख्या शहरात विषयांची वाण नाही. नाव ऐकून घरमालकाने खोली नाकारली, हा अनुभव मोठ्यांच्या चर्चेत येतो. पण अब्बांबरोबर खोली पाहायला गेलेल्या आणि दारातून परत फिरलेल्या मुलाने वाटेत अब्बांना काय विचारले, हे आले पाहिजे. बहिणीचे दहावीनंतर काय करायचे, यावर घरात झालेली कुजबूज आली पाहिजे. हातगाडीवर केळी विकणाऱ्या वडिलांना मित्रांसमोर ओळख द्यायची की नाही, ही क्षणभराची लाज आली पाहिजे. या लाजेला धर्म नाही, पण घर आहे, गल्ली आहे, भाषा आहे.

भाषेचा मुद्दाही येथेच घेऊ. आपल्या कथांतील मुस्लिम मुले एक तर सदाशिव पेठी मराठी बोलतात, नाही तर सिनेमातील हिंदी. प्रत्यक्षात पुण्यातील मूल घरात दखनी बोलते, मदरशात अरबी अक्षरे ओळखते, शाळेत बालभारतीचे मराठी वाचते आणि मैदानावर या सर्वांची भेळ करते. महापालिकेच्या उर्दू शाळेतील मुलाची आणि मराठी शाळेतील मुलाची अडचणही एकसारखी नसते. कोणत्या ठिकाणी कोणती भाषा बोलावी, हे ठरवण्याची रोजची कसरत हीदेखील एक धडपडच आहे. श्यामचे मराठी त्याच्या आईच्या तोंडचे होते, म्हणून ते जिवंत राहिले. आपल्या मुलाच्या आईच्या तोंडचे ‘हमना’, ‘तुमना’ मराठी कथेत यायला संकोच का वाटावा?

या वाटेवर कोणीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्यातच माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’, ‘यश’ अशा पुस्तकांतून रोजच्या जगण्यातल्या साध्या गोष्टींना, हात मोडण्याला, कंटाळ्याला, मोठ्या शाळेत जाण्याला, कथेचा मान दिला. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. गुरुजींच्या लेखनातील उपदेश बाजूला ठेवून त्यांचा तपशील पुढे कसा नेता येतो, हे तेथे शिकण्यासारखे आहे. ते जग मुख्यतः मध्यमवर्गीय आहे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. लेखकाने आपल्या माहितीचे घर लिहिले, आपणही आपल्या माहितीचे लिहावे. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षक-लेखक फारूक काझी यांच्यासारखे लोक मुलांसाठी मराठीत सातत्याने लिहीत आहेत, ही समाधानाची बाब आहे. पण एका-दोघांवर हा भार टाकून चालणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आपल्या मुलांना वाचायला द्यावे, आणि त्यातील सोवळे-ओवळे, शिवाशिव यांवर मुलांशी मोकळेपणाने बोलावे. त्याच्या बरोबरीने ‘ईदगाह’ द्यावी. दोन्ही वाचून झाल्यावर मुलाला विचारावे की, तुझ्या खिशात मोजके पैसे असते तर तू काय आणले असतेस? आणि कोणासाठी? त्याचे उत्तर लक्ष देऊन ऐकावे. शक्य झाल्यास त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आपल्या लेखकांनी, विशेषतः जे शिक्षक आहेत आणि जे रोज पन्नास मुलांची हजेरी घेतात त्यांनी, एवढे जरी केले तरी पुढच्या काही वर्षांत या वार्षिकासारख्या अंकांना बालविभागासाठी साहित्य शोधत फिरावे लागणार नाही. श्यामला कोट आणि हमीदला चिमटा मिळून नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला. पुण्याच्या एखाद्या गल्लीतील मुलगा किंवा मुलगी काय घेऊन घरी आली, ते मराठीत लिहिले जाण्याची आम्ही वाट पाहत आहोत.